उकिरड्याला वहिवाट नसते

महाराष्ट्रातील कोणत्याही गावात जा आणि गावाचा कचरा कुठे टाकतात, असे विचारा. गावागणिक दिशा बदलेल, पत्ता फारसा बदलणार नाही. ओढ्याच्या काठी, जुन्या दगडखाणीत, गायरानात, स्मशानाच्या वाटेवर. आणि पुष्कळ गावांत बौद्ध वस्तीच्या, मातंग वस्तीच्या नाहीतर पारधी-भिल्लांच्या पालांच्या अगदी लगत. ग्रामपंचायतीच्या ठराव वहीत "कचरा वस्तीशेजारी टाकावा" असे एक अक्षरही सापडणार नाही. लिहिण्याची गरजच कधी पडली नाही! गावकुसाबाहेर कोणी राहायचे हे ज्या व्यवस्थेने ठरवले, तिनेच गावकुसाबाहेर काय टाकायचे हेही ठरवून ठेवले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याविषयीच्या भाबड्या प्रेमाचा समाचार घेतला होता. संविधानाने गावाला नव्हे, व्यक्तीला एकक मानले याचे त्यांना समाधान वाटत होते. त्या भाषणाची आठवण गावाच्या उकिरड्याजवळ उभे राहिल्यावर हमखास होते. कारण गाव "एक" असल्याचे गोडवे गाणारी मंडळी कचरा टाकण्याची वेळ आली की गावाचे दोन भाग करतात. कचरा साऱ्या गावाचा, दुर्गंधी मात्र एका वस्तीची.

जुना उकिरडा आणि आजचा ढीग यांत मोठा फरक आहे. पूर्वी उकिरडा ज्याचा त्याचा असे. शेण, राख, गोठ्यातील काडीकचरा, भाजीची देठे असे सगळे त्यात कुजायचे आणि मृगापूर्वी गाडीत भरून शेतात जायचे. उकिरडा ही शेतकऱ्याची पुंजी होती. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत गावात प्लास्टिकच्या पिशव्या आल्या, गुटख्याच्या पुड्या आल्या, शाम्पूची पाकिटे, लहान मुलांचे डायपर, बॅटऱ्या, फुटके बल्ब, औषधांच्या बाटल्या, दवाखान्यातील सुया आणि चिकनच्या दुकानातील पिसे-आतडी आली. हा ढीग कुजत नाही. तो उन्हाळ्यात पेटतो, हिवाळ्यात धुमसतो आणि पावसाळ्यात पाझरतो. त्याचे काळे पाणी ज्या दिशेने उतरते त्या दिशेला वस्तीचा हातपंप असतो. त्या धुरातून वस्तीची मुले शाळेत जातात. मोकाट कुत्री आणि डुकरे कोणाच्या दारात येतात, हे सांगायला नको.

मग वस्तीचे लोक काय करतात? सरपंचाकडे जातात. सरपंच म्हणतो, "बघू." ग्रामसेवक म्हणतो, "निधी नाही." तालुक्याला निवेदन दिले जाते, त्याचा फोटो वर्तमानपत्रात येतो आणि ढीग दोन फूट आणखी वाढतो. म्हणूनच या लेखाचे प्रयोजन आहे. निवेदनाने ढीग हलत नाही. तो कायद्याने हलवता येतो. परंतु कायदा कसा वापरायचा, आदेश मिळाल्यावर काय करायचे आणि मुळात काय मागायचे, हे आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक असले पाहिजे.

हा प्रश्न किती चिवट आहे हे पाहायचे असेल तर पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या हवेली तालुक्यातील दोन गावांकडे पाहावे. ही काही गावाच्या स्वतःच्या कचऱ्याची गोष्ट नाही. पुण्यासारख्या विद्यानगरीने आपला कचरा वर्षानुवर्षे या गावांच्या हद्दीत आणून ओतला. डेपोचे क्षेत्र वाढत वाढत १६३ एकरांवर गेले. विहिरींचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. गावकऱ्यांनी वारंवार गाड्या अडवल्या, वारंवार आश्वासने मिळाली. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला मोठी आग लागली, तेव्हा गावकऱ्यांनी तीन आठवड्यांहून अधिक काळ पुण्याचा कचरा येऊ दिला नाही. शहराच्या रस्त्यांवर ढीग साचले तेव्हा कुठे मुख्यमंत्र्यांना बैठक घ्यावी लागली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ही गावे पुणे महापालिकेत घेण्यात आली. २०२४ मध्ये त्यांना बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली. गावाची हद्द कागदावर दोनदा सरकली, पण साचलेला ढीग काही हद्दीबरोबर सरकला नाही.

हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. जुना कचरा उकरून, वेगळा करून त्याची विल्हेवाट लावा, असे आदेश झाले. त्यानंतर यंत्रे आली आणि लाखो टन कचऱ्याचे काम सुरू झाले. आंदोलनाने गाड्या थांबल्या होत्या. साचलेल्या ढिगाला हात लागला तो न्यायाधिकरणाच्या आदेशामुळे आणि त्या आदेशाच्या मागे वर्षानुवर्षे लागून राहिलेल्या गावकऱ्यांमुळे. रस्ता आणि न्यायालय या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात नाहीत, हा उरुळी-फुरसुंगीचा पहिला धडा आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मध्य प्रदेशातील रतलाम शहरातील एका वॉर्डाचे रहिवासी उघडी गटारे, मैला आणि कारखान्याचे सांडपाणी यांनी हैराण झाले होते. ते थेट दंडाधिकाऱ्याकडे गेले. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ खाली दंडाधिकाऱ्याने नगरपरिषदेला काम करण्याचा आदेश दिला. नगरपरिषदेचे म्हणणे काय? पैसे नाहीत! २९ जुलै १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी हे म्हणणे फेटाळून लावले. मानवी प्रतिष्ठेशी निगडित असलेले मूलभूत कर्तव्य पैशाच्या सबबीवर टाळता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे. "निधी नाही" हे ग्रामसेवकाचे उत्तर त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने उत्तर राहिलेले नाही. वस्तीतील किती जणांना हे माहीत आहे?

तेच कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ झाले आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी, म्हणजे आपल्या भाषेत कलेक्टर किंवा प्रांत, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. साधा अर्ज पुरतो. या कलमाखाली रीतसर दिलेल्या आदेशाला दिवाणी न्यायालयात आव्हान देता येत नाही. गरीब माणसाच्या हातातील हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरले जाणारे हत्यार आहे.

कचऱ्याचे स्वतंत्र नियम नंतर आले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अलमित्रा पटेल यांची याचिका दाखल झाली आणि तिच्या रेट्यातून २००० साली देशात पहिल्यांदा नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. परंतु ते नावाप्रमाणे नागरी होते. खेडे त्यांच्या बाहेर राहिले. एप्रिल २०१६ मध्ये नवे नियम आले. त्यांनी व्याप्ती वाढवली, तरी मुख्यतः शहरे आणि शहरासारखी वाढलेली गावेच त्यांत आली. जुने ढीग पाच वर्षांत साफ करावेत किंवा शास्त्रीय पद्धतीने झाकावेत, अशी मुदत त्या नियमांत होती. ती एप्रिल २०२१ मध्ये संपली. ढीग जिथल्या तिथे राहिले. जानेवारी २०२६ मध्ये केंद्राने पुन्हा नवे नियम अधिसूचित केले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६. यांत ग्रामीण स्थानिक संस्थांवरही जबाबदारी आली आहे. यापुढे अर्ज लिहिताना नव्या नियमांचे कलम पाहूनच लिहावे. जुने कलम टाकले की समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो.

"आमची ग्रामपंचायत लहान, हे नियम आम्हाला नाहीत" असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम वाचून दाखवावा. त्यातील कलम ४५ आणि त्याला जोडलेली ग्रामसूची यांत गावाची स्वच्छता हे पंचायतीचे काम म्हणून नोंदलेले आहे. शिवाय पैशाचीही गोष्ट अगदीच कोरडी नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात पंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी राखून ठेवली होती. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण विभागाच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये अशी तरतूद होती. तीन हजारांच्या गावाला हिशेबाने १ लाख ८० हजार रुपये होतात. रक्कम लहान आहे, हे मान्य. पण ती कुठे गेली, हे विचारण्याचा अधिकार मोठा आहे.

म्हणून पहिले काम माहितीच्या अधिकाराचे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. आम्ही ज्या गावांत हे काम केले त्यांपैकी एका गावात पंचायतीला विचारले: गट नंबर अमुक मध्ये कचरा टाकण्याची परवानगी कोणी, कधी दिली? उत्तर आले, "सदर ठिकाणी कचरा डेपो अस्तित्वात नाही." ढीग दोन पुरुष उंच, त्याचा धूर तालुक्याच्या रस्त्यावरून दिसतो आणि पंचायतीच्या दप्तरी तो अस्तित्वातच नाही! वस्तीतील तरुण चिडले. आम्ही त्यांना सांगितले की, हे उत्तर जपून ठेवा. याच्याइतका उपयोगी कागद आपल्याला कोणी दिला नसता. डेपो अस्तित्वात नाही म्हणजे त्याला परवानगी नाही, जागेची निवड नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नाही. पुढच्या प्रत्येक तारखेला तो कागद आमच्या हातात होता.

दुसरे काम मोजमापाचे. कचरा भरावाची जागा नदीपासून १०० मीटर आणि वस्ती, महामार्ग, तळे व पिण्याच्या पाण्याची विहीर यांपासून २०० मीटर दूर असावी, असे निकष २०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. वस्तीच्या शेवटच्या घराच्या भिंतीपासून ढिगाच्या पायापर्यंत टेप लावा. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा घ्या. हातपंपाचे पाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या किंवा सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत तपासून घ्या. खासगी अहवालावर समोरचा पक्ष शंका घेतो. फोटो काढताना तारीख आणि एखादी न हलणारी खूण, म्हणजे झाड, विजेचा खांब किंवा शाळेची भिंत, चौकटीत येऊ द्या. आणि प्रत्येक अर्जाची पोच घ्या. बिनपोचेचा अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात.

या टप्प्यावर पंचायतीचा वकील एक ठरावीक मुद्दा काढतो. "इथे पूर्वापार कचरा पडत आला आहे, ही वहिवाट आहे." हे वाक्य कानावर पडले की आम्हाला महाडचा दावा आठवतो. चवदार तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच केला होता, तो कागदावरच होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली तेव्हा त्या ठरावात जीव आला. मग डिसेंबर १९२७ मध्ये सवर्णांनी दिवाणी दावा लावला. त्यांचा आधार काय होता? वहिवाट! अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये अशी प्राचीन प्रथा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की, अनादी काळापासूनची अशी प्रथा वादींना सिद्ध करता आलेली नाही.

वकील म्हणून त्या निकालातून शिकण्यासारखे हे आहे की, वहिवाट नुसती ओरडून सांगता येत नाही, ती सिद्ध करावी लागते. आणि सार्वजनिक उपद्रवाच्या बाबतीत कायदा एक पाऊल पुढे जातो. उपद्रव कितीही वर्षे चालू असला तरी काळाच्या ओघात त्याचा हक्क होत नाही. पन्नास वर्षे कचरा टाकला म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी टाकण्याचा अधिकार मिळत नाही. उकिरड्याला वहिवाट नसते.

प्रांताकडे काम झाले नाही तर हरित न्यायाधिकरणाचे दार आहे. पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. २०१० च्या अधिनियमाच्या कलम १४ खाली सहा महिन्यांची मुदत आहे, तिच्यावर समोरचा पक्ष जोर देतो. म्हणून नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याची मागणी कलम १५ खाली जोडावी. तिथे मुदत पाच वर्षांची आहे. भरपाई मागितली नसेल तर शुल्क एक हजार रुपये आहे. आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे करता येते आणि आदेश न पाळणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा कोटींपर्यंत दंड होऊ शकतो. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. मुंबईच्या कचऱ्यासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०२१ रोजी तसा स्पष्ट निकाल दिला आणि त्या प्रकरणाचा उगम होता एका वृत्त संकेतस्थळावरील लेख! तेव्हा गावच्या ढिगाची बातमी नीट लिहून पाठवणे हेही कायदेशीर काम आहे, असे आपल्या वार्ताहरांनी समजावे.

अनेक कार्यकर्ते विचारतात, यात अॅट्रॉसिटी लागत नाही का? अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायद्यात २०१५ ची दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीच्या आवारात किंवा दारात घाण टाकणे हा गुन्हा आहे. शेजारी कचरा किंवा मेलेली जनावरे आणून टाकणे हाही गुन्हा आहे, पण तिथे इजा, अपमान किंवा त्रास देण्याचा हेतू दाखवावा लागतो. वस्तीच्या पाण्याचा साठा घाण करणे हाही गुन्हा आहे. तेव्हा वस्तीने हरकत घेतल्यानंतर मुद्दाम तिथेच गाडी रिकामी केली, शिवीगाळ केली, तर हा कायदा वापरावाच. पण केवळ ढीग जुना आहे म्हणून हे कलम पहिल्याच दिवशी लावले तर हेतूच्या पुराव्यावर प्रकरण घसरते आणि मूळ ढीग बाजूला राहतो. हत्यार धारदार आहे, म्हणूनच ते योग्य वेळी काढले पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. न्यायालयात मागायचे काय? बहुतेक अर्जांत एकच ओळ असते: "सदर कचरा त्वरित हटवावा." ही ओळ धोक्याची आहे. हटवावा म्हणजे कुठे न्यावा? वर सांगितलेल्या गावात प्रांताची नोटीस लागताच पंचायतीने आधी जेसीबी लावून ढीग पसरवला आणि वर मुरूम टाकला. कागदोपत्री ढीग नाहीसा झाला! आमच्या फोटोंतील विजेचा खांब कामी आला. पूर्वी दहा हात दिसणारा खांब आता सहा हात दिसत होता. मग दुसरा प्रस्ताव आला. ओढ्यापलीकडे पारध्यांची पाले आहेत, तिकडे कचरा नेतो, तुमचा प्रश्न मिटला, तक्रार मागे घ्या. वस्तीतील काही मंडळींना ते पटत होते. इतकी वर्षे सोसले, आता सुटका होते आहे तर कशाला वाद? त्यांचा त्रागा समजण्यासारखा होता. तरीही आम्ही त्या रात्री वस्तीत बैठक घेतली आणि ठाम नकार दिला. आपल्या दारातील अन्याय उचलून आपल्याहून दुबळ्याच्या दारात ठेवणे याला मुक्ती म्हणत नाहीत. जातीची उतरंड नेमकी अशीच चालते. प्रत्येकाला खाली ढकलायला कोणीतरी मिळते. बैठकीतील एका म्हाताऱ्या आईने विषय संपवला. "आपल्यावर टाकत होते तवा कसं वाटत होतं, ते त्यांना वाटू द्यायचं का?" त्यानंतर कोणी बोलले नाही. पुढच्या अर्जावर पालांवरच्या चार जणांचे अंगठे होते.

म्हणून मागण्या नेमक्या लिहाव्यात. पहिली, नवा कचरा टाकणे त्या दिवसापासून बंद. दुसरी, जुन्या ढिगाचे जागेवरच बायोमायनिंग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. ढीग फोडून लांबट वरंबे करतात, त्यांवर जिवाणूंचे द्रावण मारून ते काही आठवडे खालीवर करतात, मग ट्रॉमेल नावाच्या फिरत्या चाळणीतून काढतात. माती वेगळी, दगड-विटा वेगळ्या, प्लास्टिक-चिंध्या वेगळ्या. चिंध्या-प्लास्टिक सिमेंट भट्टीत इंधन म्हणून जाते. मातीची तपासणी झाल्याशिवाय ती शेतात टाकू देऊ नये. तिसरी मागणी, ढिगाखालचे काळे पाणी अडवणे आणि वस्तीला पिण्याचे दुसरे पाणी. चौथी, कचरा त्याच तालुक्यातील दुसऱ्या कोणत्याही वस्तीजवळ हलवू नये असा स्पष्ट मनाई हुकूम.

पाचवी मागणी आपल्या अर्जांत क्वचितच दिसते आणि तिच्याविषयी आमचा आग्रह आहे. ढीग साफ करायला येणार कोण? यंत्र कंत्राटदाराचे असेल, पण चाळणीसमोर उभे राहून हाताने चिंध्या वेचणारे हात कोणाचे असतील? ते बहुधा आपलेच असतील. ज्या वस्तीने ढीग सोसला तिच्याच बाया रोजंदारीवर, उघड्या हातांनी, त्या ढिगात उतरणार असतील तर आपण न्यायालयात काय जिंकले? सफाई करणाऱ्यांना गणवेश, हातमोजे, बूट, रेनकोट आणि मास्क देण्याची जबाबदारी २०१६ च्या नियमांनीच स्थानिक संस्थेवर टाकली होती. किमान वेतन, वैद्यकीय तपासणी आणि ही साधने आदेशातच लिहून घ्यावीत. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये आपली पंचायत उभी केली आणि पुढे त्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम मिळवले. घाणीत ढकललेल्या माणसांनी संघटित होऊन त्याच कामाचा दर आणि मान कसा मागून घ्यावा, याचा तो पाठ आहे.

आदेश हातात पडला की वस्तीत पेढे वाटले जातात. वाटावेत. पण दुसऱ्या दिवशीपासून वही घालावी. आदेशात कोणत्या तारखेपर्यंत काय व्हायचे आहे, प्रत्यक्षात काय झाले, किती गाड्या आल्या, काय बाहेर गेले, कोठे गेले. दर महिन्याला अनुपालन अहवाल मागावा. अधिकारी बदलतो, सरपंच बदलतो, कंत्राटदार अर्धे बिल उचलून निघून जातो. वही मात्र वस्तीत राहते. आम्ही सांगितलेल्या गावात आदेशानंतरचा काळ आदेशापूर्वीच्या काळापेक्षा मोठा ठरला. ती वही वस्तीतील बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने ठेवली. न्यायालयात सादर झालेल्या अहवालात "काम पूर्ण" असे लिहिले होते. तिच्या वहीत त्या तारखेला चाळणी बंद असल्याची आणि डिझेल संपल्याची नोंद होती. प्रकरण बंद होण्याचे टळले ते त्या नोंदीमुळे.

आणि शेवटी, ढीग साफ झाल्यावर जी जमीन उघडी पडते ती कोणाची? हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. गायरान भूमिहीनांना कसायला द्या म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये सत्याग्रह झाले, हजारो लोक तुरुंगात गेले. जी जमीन आम्हाला पोट भरायला देताना गावाच्या जिवावर आली, तीच जमीन आमच्या दारात कचरा टाकायला मात्र सहज मोकळी झाली. उद्या ती स्वच्छ झाली की तिच्यावर गाळे, सभागृह, कोणाचा तरी पेट्रोल पंप उभा राहायला वेळ लागणार नाही. म्हणून सहावी मागणी अर्जात घालावी: साफ झालेल्या जमिनीचा वापर काय होणार हे ग्रामसभेत, वस्तीच्या उपस्थितीत ठरेल आणि तोवर तिथे कोणतेही बांधकाम होणार नाही. आम्ही सांगितलेल्या गावात त्या जमिनीवर आज गुडघाभर गवत आहे आणि कुंपणावर मनाई हुकुमाची पाटी आहे. पलीकडच्या पालांवरची पोरे आणि अलीकडच्या वस्तीतील पोरे तिथे क्रिकेट खेळतात. ग्रामसभा अजून व्हायची आहे. त्या सभेला वस्तीतील एकही माणूस गैरहजर राहता कामा नये.